बाबांच्या फोनचा पॅटर्न कुणालाच माहीत नाही, आजीच्या ओव्या आत आहेत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं गाव आर्वी तालुक्यात, वर्धा जिल्हा. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी बाबांना लकवा मारला. उजवा हात-पाय गेला आणि वाचाही गेली. सगळं समजतं, माणसं ओळखतात, पण शब्द बाहेर येत नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की पुष्कळदा असंच होतं.

बारा दिवस भरती होते. फोन घरी उशाखाली पडून होता, आम्ही परत आलो तोवर बॅटरी उतरून बंद पडलेला. चार्ज करून चालू केला, बाबांचा अंगठा लावला, तर ठसा घेतच नाही. फोन नुकताच चालू झालाय, आधी पॅटर्न काढा म्हणतो. आणि तो पॅटर्न बाबांशिवाय कुणालाच माहीत नाही.

आत काय आहे ते सांगते. माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. जातं कधीच कोपऱ्यात गेलं होतं, पण निंदणाला गेली की धुऱ्यावर बसून म्हणायची. बाबा तिच्याजवळ फोन ठेवून रेकॉर्ड करायचे. गुरुदेव सेवा मंडळात ते खंजिरी वाजवतात, त्यामुळे आवाजाची जाण होती. मधे कुणी बोललं तर हाताने गप्प करायचे. आजी २०२३ मध्ये गेली. त्या ओव्या कागदावर कुणीच उतरवल्या नाहीत. मलाही चार-पाचच येतात, त्याही अर्ध्या.

तालुक्याच्या एका दुकानात नेला होता. दुकानदार म्हणाला पाचशे रुपयांत उघडून देतो, पण आतलं सगळं जाईल. मी फोन परत घेऊन आले. घरी भावाने अंदाजाने सात-आठ पॅटर्न लावले, आता दर चुकीनंतर थांबायची वेळ वाढत चालली आहे.

भावाच्या जुन्या लॅपटॉपवर २०२२ मध्ये काही रेकॉर्डिंग टाकली होती असं त्याला आठवतं. पण तो दुरुस्तीहून आल्यापासून निळ्या स्क्रीनवर ४८ अंकांची बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या कुलपाची, किल्ली मागतो.

फोन डेटा न जाता उघडतो का? बाबांचं जीमेल मिळालं तर रेकॉर्डिंग मिळतील का? आणि त्यांचं सिम काढून माझ्या फोनात घातलं तर काही बिघडेल का? कापूस विक्रीच्या नोंदणीचे, बँकेचे सगळे ओटीपी त्याच नंबरवर येतात.

धुरकरी:
ताई, पयले एक काम करा, तो फोन कोन्या दुकानदाराच्या हाती देऊ नका. बटनं दाबून रिसेट मारला का आतलं साफ. वरून रिसेट झाल्यावर फोन जुनंच गुगल खातं मागते, म्हंजे फोन बी अडकला आन् ओव्या बी गेल्या. माह्या भावाचं असंच झालं होतं, लगनाचे सारे फोटो गेले. सिम काढा, घाबरू नका. सिम काढल्यानं आतलं काही जात नाई. साध्या फोनात घाला, ओटीपी येतीन.
अजून एक. इंटरनेटवर "कस्टमर केअर" म्हनून जे नंबर दिसते, त्याईले फोन लावू नका. स्क्रीन दाखवाचं अ‍ॅप टाकाले लावते आन् खातं रिकामं करते. असं काही झालंच तर लगेच १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनले, फोन लावा.

वर्धेकर:
खरं ते सांगतो, वाईट वाटेल. आताच्या अँड्रॉइडमध्ये आतला डेटा पॅटर्नशी बांधून कुलूपबंद केलेला असतो. पॅटर्नशिवाय तो वाचता येत नाही. गुगल खात्याने पॅटर्न उघडायची सोय ४.४ पर्यंतच्या अँड्रॉइडमध्ये होती, ५ पासून गेली. यूट्यूबवर अजून तेच जुने व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. अंदाजाने पॅटर्न लावणं आजच बंद करा. काही फोनांत ठरावीक चुकांनंतर सगळं पुसायची सेटिंग असते, बाबांनी ती चालू केली होती का हे आपल्याला माहीत नाही.

जीमेल मिळेल असं वाटतं. सिम दुसऱ्या फोनात घाला आणि घरच्याच इंटरनेटवरून, शक्यतो बाबांचं जीमेल आधी कधी उघडलं होतं त्याच यंत्रावरून, खातं परत मिळवायचा प्रयत्न करा. ओळखीचं यंत्र आणि ओळखीची जागा गुगल बघतं. पण गुगल फोटोज फक्त फोटो आणि व्हिडिओ ठेवतं, रेकॉर्डरच्या ध्वनिफिती नाही. बाबांनी त्या ड्राइव्हवर टाकल्या असतील किंवा कुणाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या असतील तरच आशा. मंडळातल्या प्रत्येकाला विचारा. घेणाऱ्याच्या फोनात फाइल अजून असू शकते.

बाबांचं व्हॉट्सअ‍ॅप नव्या फोनात चालू कराल तर आधी त्यांचं गुगल खातं त्या फोनात घाला, आणि जुना बॅकअप परत आणू का असं विचारेल तेव्हा घाईत पुढे जाऊ नका. सहा अंकी पिन मागितला आणि तो रिसेट करायला ईमेल दिलेला नसेल तर सात दिवस थांबावं लागतं.

लॅपटॉपचं काम मात्र होईल असं वाटतं. दुरुस्तीत आतला बोर्ड बदलला की बिटलॉकर किल्ली मागतो. ती बहुधा भावाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. दुसऱ्या फोनवरून त्या खात्यात शिरा, रिकव्हरी कीचं पान उघडा आणि निळ्या स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवा. जुळली तीच किल्ली.

बँकेचं सांगायचं तर, बाबांचा यूपीआय पिन तुम्ही वापरू नका. आजारामुळे सही करता न येणाऱ्या खातेदारासाठी अंगठ्याच्या ठशावर पैसे काढायची सोय आहे. दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. शाखेत जाऊन मागा.

परिचारिका:
ताई, बाबांना पॅटर्न आठवत नाही असं धरून चालू नका. सांगता येत नाही आणि आठवत नाही यात फरक आहे. हाताला सवय असते. पाटीवर नऊ मोठे ठिपके काढा आणि डाव्या हाताचं बोट ठेवायला द्या. फोनवर नाही, पाटीवरच. रोज थोडा वेळ, थकलेले नसताना. चुकलं म्हणून तोंड पाडू नका, त्यांना कळतं. आणि भजन लावा. डाव्या मेंदूला मार बसलेल्यांना बोलता येत नाही तरी गाण्यातले शब्द कधीकधी येतात.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार. सिम काढलं, नोंदणीचा ओटीपी आला. जीमेल मिळालं, ड्राइव्हमध्ये सातबारा आणि विम्याच्या पावत्याच निघाल्या. मंडळातल्या एका काकांकडे एक ओवी सापडली.

लॅपटॉप उघडला! भावाने कॉलेजात असताना काढलेलं खातं होतं, त्यात किल्ली होती. आत आजीची सहा रेकॉर्डिंग निघाली. मी लगेच दोन पेनड्राइव्हवर उतरवली. शेवटच्या उन्हाळ्यातली, जी सगळ्यांत मोठी होती, ती त्यात नाहीत. ती फोनातच आहेत.

पाटी रोज देते. पहिले चार ठिपके बाबा तीन दिवस सारखेच जोडताहेत, वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली आणि मग आडवं. पॅटर्नला चार ठिपके पुरतात असं कळलं म्हणून तेवढाच एकदा लावून पाहिला. उघडला नाही. म्हणजे पुढे अजून काही असावं, पण तिथे त्यांचं बोट थांबतं आणि ते माझ्याकडे बघतात. काल आजीचं रेकॉर्डिंग लावून पाटी दिली, तर पाचव्या ठिपक्यावर गेले. मधल्या. आज पुन्हा तिथेच गेले तर उद्या लावून बघीन, एकदाच. कुणी असं करून पाहिलं असेल तर पुढे काय करावं ते सांगा.