बर्नाबीचं चित्र: वार्ताहर की घोडेस्वार?

खडूफळा: लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत ब्रिटिश लष्करातल्या फ्रेडरिक बर्नाबीचं चित्र आहे. जेम्स तिसो या फ्रेंच चित्रकारानं १८७० साली काढलेलं. बर्नाबीनं पुढे लंडनच्या 'टाइम्स' वर्तमानपत्राला स्पेनच्या कार्लिस्ट युद्धातून (गादीसाठीच्या यादवीतून) आणि सुदानातून बातम्या पाठवल्या, म्हणून हे 'नामवंत वार्ताहराचं चित्र' असं कौतुकानं सांगितलं जातं. मला काही ते पटत नाही. गडी सोफ्यावर ऐसपैस रेललाय, बोटांत सिगारेट, काळ्या विजारीवर कमरेपासून खाली तांबडी पट्टी, बाजूला चिलखत आणि तुऱ्याचं शिरस्त्राण. दौत नाही, टाक नाही. हा सरळसरळ घोडदळाचा कॅप्टन आहे.

शाईचा डाग: आणि मागच्या भिंतीवरचा एवढा मोठा नकाशा? तो दिसला नाही वाटतं! शिवाय चित्र काढून घेतलं कुणी तेही बघा. टॉमस गिब्सन बोल्सनं, म्हणजे 'व्हॅनिटी फेअर'च्या संपादकानं. १८६८ मध्ये ते साप्ताहिक निघालं तेव्हा बर्नाबीनं पदरचे पैसे घातले आणि स्पेनमधून पत्रंही धाडली. संपादकानं आपल्या लेखकाचं करवून घेतलेलं चित्र आहे हे.

खडूफळा: पैसे घातले म्हणजे भागीदार झाला, वार्ताहर नव्हे. वार्ताहर म्हणजे 'टाइम्स'चा विल्यम हॉवर्ड रसेल. क्रायमियाच्या युद्धात ब्रिटिश सैनिकांचे हाल त्यानं वेशीवर टांगले. १८५८ मध्ये लखनौला येऊन स्वतःच्याच, म्हणजे ब्रिटिश लोकांच्या क्रौर्यावरही लिहिलं. बर्नाबी हौशी.

शाईचा डाग: मग रसेलचा १८५५चा फोटो बघाच, रॉजर फेंटननं काढलेला. टोपी, बूट, सगळा थाट निम्मा लष्करी! कपड्यांवरून ठरवायचं तर तोही बाद.

कोपऱ्यातला: तुमचं चालू द्या, मी चित्राबद्दल बोलतो. बर्नाबी सहा फूट चार इंच उंच, आणि चित्राची फळी जेमतेम दोन फूट रुंद. म्हणून तर तिसोनं त्याला आडवा टाकलाय! ती तांबडी पट्टी तिरकी धावत जाते आणि नजर तिच्यावरून घसरत पार बुटापर्यंत पोचते. चेहरा आपण नंतर बघतो. तिसो स्वतः 'व्हॅनिटी फेअर'साठी व्यंगचित्रं काढायचा, त्यामुळे थोडी टोपी उडवलीये असंही मला वाटतं.

खडूफळा: टोपी उडवली असेल तर सैनिकाचीच. १८७५-७६च्या हिवाळ्यात बर्नाबी मध्य आशियातल्या खीव्याला गेला तो रजा काढून, आणि लष्करानं हुकूम धाडल्यावर निमूट परतला. जानेवारी १८८५ मध्ये सुदानात अबू क्ली इथं मेला तोही समोरासमोरच्या झुंजीत.

शाईचा डाग: अहो, पण १८७० मध्ये तिसोला हे कुठून ठाऊक असणार? त्याच्यापुढे तिशीही न गाठलेला, गप्पा मारणारा माणूस बसला होता. खीव्यावरून परतला तो निमूट, पण आल्यावर त्याच वर्षी जाडजूड पुस्तक छापलं, ते विसरलात.

खडूफळा: बरं, नकाशा तुमचा. चिलखत मात्र मी सोडत नाही.