न जगलेल्या ऐंशीच्या दशकाची हुरहूर कशी लागते?

प्रश्न

माझ्या मुलीचा जन्म २००४ चा, पण तिच्या हेडफोनमध्ये बहुतेक वेळा ऐंशीच्या दशकातले अमेरिकी पॉप संगीत वाजत असते. केट बुश या ब्रिटिश गायिकेचे १९८५ मधले एक गाणे तेव्हा अमेरिकेत बिलबोर्ड साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसाव्या क्रमांकापर्यंतच गेले होते. २०२२ साली एका अमेरिकी मालिकेमुळे ते तिसऱ्यावर पोहोचले आणि तेव्हापासून तिला हा नाद लागला. गाणी आवडणे मी समजू शकतो. परंतु मॉलमध्ये घोळक्याने घालवलेल्या संध्याकाळी, वॉकमन, कॅसेट यांविषयी ती अशी हळहळते, की जणू तिचेच काही हरवले आहे. त्या काळी अमेरिकेत शाळेत असलेल्यांनी यावर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १

१९८४ साली मी न्यू जर्सीत आठवीत होतो. केसी केसम यांचा रेडिओवरचा 'अमेरिकन टॉप फोर्टी' हा कार्यक्रम आठवड्यातून एकदा लागे आणि चाळिसाव्या क्रमांकापासून पहिल्यापर्यंत यायला चार तास घेई. वडिलांच्या एका कॅसेटच्या कडेवरची मोडलेली खाच चिकटपट्टीने बुजवून (तसे केल्याशिवाय तिच्यावर पुन्हा ध्वनिमुद्रण होत नसे) मी प्ले आणि रेकॉर्डची बटणे एकत्र दाबून ठेवी व बोट पॉजवर ठेवून बसे. तरीही निवेदकाचे शेवटचे चार शब्द गाण्याच्या सुरुवातीवर सांडतच. आज तेच गाणे स्वच्छ ऐकू आले की मला ते शब्द नसल्याचे खटकते! सोमवारी वर्गात पहिल्या क्रमांकावरून भांडण होई, कारण सगळ्यांनी एकच यादी ऐकलेली असे. आपल्या मुलीला हळहळ वाटत असेल ती या एकत्र ऐकण्याची, असे मला वाटते.

प्रतिसाद २

एकत्र ऐकण्याचा मुद्दा मान्य आहे, पण प्रत्यक्ष नादाचाही विचार करायला हवा. यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर १९८३ मध्ये आला. त्यावर स्वतःचा आवाज घडवणे इतके किचकट होते, की बहुतेक वादक त्यातले तयार आवाजच वापरत आणि म्हणून त्या काळच्या कितीतरी संथ प्रेमगीतांतला इलेक्ट्रिक पियानो एकाच वाद्यातून आल्यासारखा वाटतो. रोलँडच्या टीआर-८०८ या तालयंत्राची गोष्ट अधिक गमतीची आहे. ते १९८० मध्ये बाजारात आले, त्याचे ठोके खऱ्या ड्रमसारखे वाटत नाहीत अशी तक्रार झाली आणि सुमारे बारा हजार नग तयार झाल्यावर १९८३ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पुढे ती यंत्रे जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली, हिप-हॉप करणाऱ्या तरुणांच्या हाती पडली, आणि त्यांचा तो खोल, लांबणारा ठोका आजच्या गाण्यांतही सर्रास ऐकू येतो. थोडक्यात, आपल्या मुलीच्या कानांना हा नाद परका नाहीच. तिची तो ऐकण्याची सवय लहानपणापासूनची आहे.

प्रतिसाद ३

'सगळ्यांनी एकच यादी ऐकलेली असे' हे वाक्य मला अडले. १ ऑगस्ट १९८१ रोजी गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारा एमटीव्ही सुरू झाला तेव्हा ज्या घरी केबल नव्हती त्या घरी तो दिसत नव्हताच, आणि जिथे दिसत होता तिथे पहिली दीड-दोन वर्षे कृष्णवर्णीय कलाकार क्वचितच दिसत. १९८३ मध्ये मुलाखत द्यायला आलेल्या डेव्हिड बोवी या ब्रिटिश गायकाने वाहिनीच्याच निवेदकाला, कॅमेऱ्यासमोर, याचा जाब विचारला. त्याच वर्षी मार्चमध्ये मायकल जॅक्सनच्या 'बिली जीन'चा व्हिडिओ लागू लागला आणि चित्र बदलत गेले. शिवाय, आज पालक ज्या गाण्यांवर मुलांसोबत नाचतात त्यांतल्या काहींच्या शब्दांवरून १९८५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली होती. तेव्हाच्या पालकांना या दशकाची अजिबात हुरहूर वाटत नव्हती, हे मुलीला जरूर सांगावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. मुलीला तिन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. एमटीव्हीविषयी तिला काहीच ठाऊक नव्हते. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने एकच विचारले: निवेदकाचे शब्द सांडलेली ती कॅसेट न्यू जर्सीच्या काकांकडे अजून आहे का? असल्यास कृपया कळवावे.