'स्टॅबिलायझेशन'ला स्थिरीकरण चालेल का?

मांडवीकाठ: भाच्याच्या प्रोजेक्टचा मराठी गोषवारा करून देतेय. विषय, नैसर्गिक वायूच्या कंडेन्सेटच्या (वायूतून सुटणाऱ्या हलक्या द्रवाच्या) स्टॅबिलायझेशनचं सिम्युलेशन. मी 'संघनिताचे स्थिरीकरण' लिहिलं तर विज्ञान शिकवणारी माझी जाऊ म्हणाली, स्थिरीकरण नत्राचं असतं, अळसांद्याच्या मुळांवरच्या गाठींत होतं ते. तिथे वायू धरून ठेवतात, इथे तर द्रवातला वायू हाकलतात! काय लिहू? आणि सिम्युलेशनला काय?

जुना उरणकर: उरणला सीएसयू होतं, क्रूड स्टॅबिलायझेशन युनिट, मराठी माणसंसुद्धा स्टॅबिलायझरच म्हणायची. कंडेन्सेटात मिथेन, इथेन, प्रोपेन विरघळलेले असतात, तसंच टाकीत भरलं तर दाब उतरताच उकळायला लागतं. म्हणून आधी कॉलममध्ये, म्हणजे उंच उभ्या पात्रात, खालून रीबॉयलरची आच देऊन हलके वायू वरून काढायचे.

आबोली: मग 'निववणे' घ्या ना. डिचोलीला आजी म्हणायची भाणातलं (न्हाणीच्या हंड्यातलं) पाणी निवू दे, कोंकणीतही निंवप आहेच. उकळी शमली की निवलं.

जुना उरणकर: बाय, निवणं म्हणजे थंड होणं. इथे आच वाढवतात.

खाजन: निवळवणे? निवळ हा निर्मळचाच भाऊ. निवणे वेगळ्या घरचा, निर्वाणाच्या कुळातला.

आबोली: गाळ बसला की पाणी निवळतं. इथे गाळ कुठला?

काजूबोंड: गाळ नाही पण गाळणं आहे! आमच्या सत्तरीत भट्टी लावतात तेव्हा फेणी 'गाळतात', ऊर्ध्वपातन कोणी म्हणत नाही. फरक एवढाच की फेणीत वर गेलेली वाफ आपली, आणि कंडेन्सेटात खाली उरतं ते आपलं. म्हणून मला 'वायू उडवणे' बरं वाटतं, वाचणाऱ्याला काम दिसतं.

खाजन: अहवालात 'उडवणे'? दिनांक, महापौर हे सावरकरांचे शब्दसुद्धा आधी परकेच वाटले असणार, वापरले म्हणून रुजले. संघनितही रुजेल.

जुना उरणकर: दिनांक रोज लिहावा लागतो हो, संघनित कोण लिहिणार. कंडेन्सेट ठेवा.

मांडवीकाठ: बरं कंडेन्सेट ठेवते. पण सिम्युलेशन? भाचा डीडब्ल्यूसिम या संगणक-प्रणालीवर १९७६ चं पेंग-रॉबिन्सन समीकरण (दाब-तापमानानुसार वायू-द्रव कसे वागतील ते सांगणारं) लावतो आणि रीबॉयलरचं तापमान बदलत बदलत ३७.८ अंश सेल्सिअसला मोजतात तो बाष्पदाब हवा तेवढा उतरतो का ते बघतो, खरा कॉलम न बांधता. 'अनुकरण' लिहिलं तर नक्कल वाटते.

आबोली: सदृशीकरण?

खाजन: प्रतिरूपण. सदृश म्हणजे दिसायला सारखं, इथे वागायला सारखं हवं.

काजूबोंड: थांबा, कंडेन्सेटला 'दंव' का नको? दवबिंदू आपण म्हणतोच की.

जुना उरणकर: दंव गारव्यानं पडतं. जमिनीखालच्या काही साठ्यांत दाब कमी झाला की वायूतून द्रव सुटतो, तापमान तेच असताना. त्याला दंव म्हणणार?

काजूबोंड: का नाही? वायूतून थेंब सुटला की दंव. फेणीच्या मडक्यात गळतो तोही माझ्या लेखी दंवच.

आबोली: मडक्यात पहिल्यांदा गाळून येतो तो उर्राक. त्याला दंव म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नाही, आमच्याकडे तर