दहा वर्षं अँड्रॉइड वापरून आता आयफोनवर जावं काय?

लेथवाला
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागला माझं छोटं जॉबवर्कचं शेड हाय, दोन लेथ, एक मिलिंग, अन् गेल्या वर्षी एक जुनी सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) घेतली. फोन बदलायचाय. हातातला चार वर्षाचा झाला, चालतोय तसा बरा, पण सिक्युरिटी अपडेट यायचं बंद झालंय अन् बॅटरी दुपारचा डबा उघडेपर्यंत टिकत न्हाई. धाकटा भाऊ पुण्याला असतोय, त्याच्याकडं आयफोन, दर गणपतीला आला की तेच, दादा एकदा घेऊन बघ. ह्या वर्षी बायकोपण त्याच्या बाजूला गेली, कारण फोटो.

माझं काम म्हणजे गिऱ्हाईकाला कास्टिंगचे फोटो पाठवायचे, ड्रॉइंगची पीडीएफ बघायची, फोनवर रेट बोलायचा, यूपीआयनं पैसे घ्यायचे. दोन सिम हायत, एक इथलं अन् एक कोल्हापूरचं, कारण निम्मं काम शिरोली एमआयडीसीतनं येतंय अन् तिकडचे पार्टीवाले अकरा वर्षं तोच नंबर लावतायत. घरात आई-बाबा, बायको, शेडमधली तीन पोरं, सगळ्यांचे अँड्रॉइड, कुणाचं काय अडलं की मीच मेकॅनिक.

तीन पर्याय काढलेत. नवा आयफोन १६ई (फेब्रुवारी २०२५ ला आला तेव्हा ५९,९०० होता), नाहीतर सेकंडहँड आयफोन १३, नाहीतर तीस-पस्तीस हजाराचा अँड्रॉइड. भांडू नका, पण खरं सांगा.

टिळकवाडी_सेकंड_गेट
डोळे झाकून १६ई घ्या. माझ्याकडं आयफोन एक्सआर होता, २०१८ चं मॉडेल. आयओएस (आयफोनची सिस्टीम) १२ घेऊन आला अन् १८ पर्यंत चालला, सप्टेंबर २०२५ ला पुढचं थेट २६ आलं तेव्हा कुठं त्याचं नाव यादीतनं गेलं. २०१८ च्याच दिवाळीत आमच्या भावजींनी घेतलेला अँड्रॉइड दोन अपडेटनंतर वाऱ्यावर सोडलेला. तुम्ही मशीन घेताना पार्ट किती वर्षं मिळणार हे विचारता की नाही, मग फोनला का नाही?

निपाणीवाला_वखार
हे २०१८ चं कीर्तन किती दिवस ऐकायचं ओ? आता दोन्हीकडं तसंच हाय. पिक्सेल ८ पासनं म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासनं गुगलनं सात वर्षं अपडेट कबूल केलीत, सॅमसंगनं जानेवारी २०२४ ला एस२४ पासनं सात, अन् खालच्या ए३६, ए५६ ला सुद्धा सहा. लेथवाल्याच्या बजेटात सहा वर्षाचा फोन बसतोय अन् वर पंचवीस हजार उरतायत, त्यात सीएनसीला टूल येतील.

टिळकवाडी_सेकंड_गेट
कबूल केलंय अन् दिलंय, यात फरक हाय. एस२४ चं सातवं वर्ष २०३१ ला उजाडणार. एक्सआरचं उजाडून मावळलं पण.

निपाणीवाला_वखार
हां, हा मुद्दा मान्य. पण मग तुम्हीच सांगा, १६ई मधे साठ हजार देऊन मागं एकच कॅमेरा अन् स्क्रीन ६० हर्ट्झची (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारी), तीस हजाराच्या अँड्रॉइडला १२० मिळतंय. वहिनींना फोटोच पाहिजेत तर त्यांना १६ई दाखवून बघा आधी, भावाच्या हातात कुठला हाय ते विचारा, तो प्रो, म्हणजे वरचं महाग मॉडेल असणार. प्रो बघून मन बसतंय अन् घरी ई येतोय.

लेथवाला
विचारलं. प्रोच हाय 😐

वडगावचा_मागवाला
माझा अनुभव वेगळा हाय म्हणून लिहायलोय, लांबेल जरा. मागच्या लगीनसराईत आमच्या बाबांना व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, ओळखीच्याच नंबरवरनं, उघडायला गेले तर ती पत्रिका न्हवती, एपीके फाईल होती, म्हणजे बाहेरनं ॲप बसवायची, बाबांनी जे जे विचारलं त्याला ओके ओके करत गेले, कारण पत्रिका बघायची होती ना, अन् संध्याकाळपर्यंत त्यांच्या नंबरवरनं आमच्या अख्ख्या गल्लीला तीच पत्रिका गेली. पैसे वाचले कारण खात्यात फार न्हवतेच, पण चार दिवस लोकांना फोन करून सांगत बसलो, उघडू नका म्हणून. आयफोनवर ती फाईल बसलीच नसती, तिथं एपीके चालतच न्हाई. त्या दिवसापासनं माझं मत पक्कं झालंय, म्हाताऱ्या माणसाच्या हातात आयफोन, मग जुना का असेना.

निपाणीवाला_वखार
सेटिंगमधे बाहेरचं ॲप टाकायची परवानगी बंद ठेवली की अँड्रॉइडवर पण बसत न्हाई ओ. अन् ओटीपी फोनवर वाचून दाखवणाऱ्याला, नाहीतर व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस बघून घाबरणाऱ्याला आयफोन काय वाचवणार?

वडगावचा_मागवाला
परवानगी बंदच होती. फोननं विचारलं, चालू करू काय, बाबांनी सांगितलं कर. तुम्ही प्रत्येक म्हाताऱ्याच्या शेजारी बसणार हाय काय?

खानापूरची_मास्तरीण
कुणी भाषेचं बोलेना म्हणून मी बोलते. २०१४ च्या नोव्हेंबरात अँड्रॉइड ५ आलं, त्यात पहिल्यांदा फोनची सगळी भाषा मराठी करता यायला लागली, अन् कन्नडपण त्याच अपडेटमधे. आठवतंय काय, त्याच महिन्याच्या एक तारखेला आपलं बेळगावचं बेळगावी झालं होतं, इकडं पाट्यांवरनं वाद अन् तिकडं फोननं दोन्ही भाषा एका दमात दिल्या, न मोर्चा न निवेदन. आयफोनला हे जमायला मार्च २०२५ उजाडला, आयओएस १८.४, परत मराठी अन् कन्नड बरोबरच. म्हणजे दहा वर्षं उशीर. हां, मराठी कीबोर्ड आधीपासनं होता, अन् १८ मधे इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहायची सोय आली, ती मी बहिणीच्या फोनवर वापरली, वाईट न्हाई, पण जोडाक्षराला माझा हात अजून अडखळतोय. आमच्या सासूबाई तर टाईप करतच न्हाईत, माईक दाबून बोलतात, अन् त्यांचं "जाऊन यायलोय" पण बऱ्याच वेळा बरोबर उमटतंय. गुगलची मराठी बोलून लिहायची सोय २०१७ पासनं हाय. लेथवाले, तुमच्या आईला फोन तुमच्याकडनं उतरून मिळणार असेल तर हे बघा, चार वर्षांनी हा फोन कुणाच्या हातात जाणार ते.

टिळकवाडी_सेकंड_गेट
मॅडम उशीर झाला हे खरं, पण २०२५ ला आलं की नाही? विकत घ्यायचाय आजचा फोन, इतिहास न्हाई.

खानापूरची_मास्तरीण
मघाशी एक्सआरचा इतिहास कोण सांगत होतं 🙂

अथणीकर
सेकंडहँड १३ वर कुणी बोललं न्हाई, मी बोलतो, मी दोनदा घेतलाय अन् एकदा फसलोय. एक, सेटिंगमधे बॅटरी हेल्थ बघा, ८० च्या खाली असेल तर बॅटरीचा खर्च किमतीतनं कापा. १३ ची बॅटरी ५०० चार्जिंग सायकलच्या हिशोबानं केलेली हाय, १००० चा हिशोब १५ पासनं आला, त्यामुळं २०२१ चा फोन आज ९८ टक्के दाखवत असेल तर विचारा बॅटरी कधी अन् कुठं बदलली. त्याच सेटिंगमधे अबाऊटला गेलं की डिस्प्ले, बॅटरी, कॅमेरा बदललाय काय अन् अस्सल हाय काय ते दिसतंय. ज्यानं विकलं त्याचा ॲपल अकाउंट समोर बसवून काढून घ्या, नाहीतर तो फोन म्हणजे पेपरवेट. आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख नंबर पण तपासा, केवायएम लिहून एक जागा सोडून आयएमईआय टाकायचा अन् १४४२२ ला मेसेज, चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर कळतंय. मी हे न करता घेतलेला, दुकानदार म्हणाला उद्या बिल देतो, तो उद्या अजून आला न्हाई.

अन् १३ ला चार्जिंगची पिन जुनी. टाईप सी १५ पासनं, सप्टेंबर २०२३. शेडमधे सगळ्यांची टाईप सी अन् मालकाची वायर वेगळी, पोरं हसतील.

निपाणीवाला_वखार
शिवाय सेकंडहँडला जीएसटीचं बिल मिळणार न्हाई. लेथवाले, फर्मच्या नावावर नवा घेतला तर ५९,९०० मधले ९,१३७ जीएसटी हाय, १८ टक्के. फोन धंद्याला वापरता म्हणून ते क्रेडिटला बसतंय काय ते तुमच्या सीएला विचारा. पण हा नियम अँड्रॉइडलापण तेवढाच लागू, हे आयफोनवाले सांगत न्हाईत.

शहापूर_गल्ली
एक विनंती, घ्या काय घ्यायचं ते पण व्हॉट्सॲपचं आधी बघा. आमच्या मेहुण्यानं आयफोन घेतला, दुकानातल्या पोरानं तिथंच सगळं सुरू करून दिलं, घरी आल्यावर बघतोय तर चॅट कोरं. गुगल ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनवर उतरत न्हाई. ॲपलचं मूव्ह टू आयओएस ॲप अँड्रॉइडवर टाकून, दोन्ही फोन एका वायफायवर, दोन्ही चार्जिंगला लावून, नवा आयफोन सुरू करतानाच ते करायचं असतंय. एकदा फोन सुरू झाला की परत सगळं पुसून पहिल्यापासनं. ही सोय पण २०२२ ला आली, त्याच्या आधी तर रामराम. तुमचे अकरा वर्षाचे रेट अन् ड्रॉइंग त्यातच असणार.

लेथवाला
त्यातच हायत. कोण मेमो लिहितंय ओ, सगळं चॅटमधेच. आता रेकॉर्डिंगचं सांगा कुणीतरी. पार्टी फोनवर एक रेट बोलते अन् माल गेल्यावर दुसरा, म्हणून मी रेकॉर्ड ठेवतोय.

टिळकवाडी_सेकंड_गेट
आयफोनला आलंय, आयओएस १८.१ पासनं. पण सुरू केलं की समोरच्याला ऐकू जातंय की रेकॉर्ड चाललंय.

अथणीकर
गुगलच्या डायलरमधे पण बाई बोलतेच. त्यात एकमेकाला हसू नका. अन् बाई बोलल्यावर पार्टी नीट रेट बोलते, हा फायदा बघा.

लेथवाला
सगळ्यांचे आभार, पण खरं अडलं ते ह्या कशातच न्हाई, म्हणून सांगतो. भावाला म्हटलं दोन दिवस तुझा फोन दे, माझा घे. दिला बिचाऱ्यानं. फोटो भारी, बोलायलाच नको. मागं जायला बोट कुठनं ओढायचं ते दुसऱ्या दिवशी हाताला बसलं. फाईली कुठं जातात ते मात्र मला अजून कळालं न्हाई, ड्रॉइंग डाउनलोड झालं म्हणतंय अन् दिसत न्हाई, भाऊ म्हणाला फाइल्समधे बघ, बघितलं, तिथं होतं. बरं.

अडलं सिमला. आपल्याकडच्या ह्या आयफोनात एक सिम घालायचं अन् दुसरं ई-सिम करायचं, म्हणजे कार्ड न्हाई, फोनच्या आतच. करू म्हटलं. तर परवा रात्री पाळीतल्या पोराचा फोन कूलंटच्या (मशीन थंड ठेवायच्या पाण्याच्या) ट्रेमधे पडला, मेला. त्यानं काय केलं, सिम काढलं, पुसलं, कपाटातल्या जुन्या डबड्यात घातलं अन् दहा मिनिटात माझ्याशी बोलायलाय. माझा फोन तसा पडला अन् शिरोलीचा नंबर ई-सिम असला तर रात्री अकराला मी काय काढू अन् कशात घालू? दुसऱ्या दिवशी कंपनीच्या दारात. इकडचं सिम ई-सिम करून कोल्हापूरचं खरं ठेवता येईल म्हणा, पण इकडच्या नंबरला तर बँक जोडलीय.

टिळकवाडी_सेकंड_गेट
फोन पाण्यात पडायची भीती असेल तर आयफोन वॉटरप्रूफच्या जवळपास हाय, १६ई ला आयपी६८, म्हणजे धूळ-पाण्यापासनं बचावाचा दर्जा हाय.

लेथवाला
ते पाण्याला ओ. कूलंटमधे तेल, साबण, लोखंडाचा चुरा, सगळं असतंय. अन् द्रवाचं नाव घेतलं की वॉरंटी हात वर करते, कुठल्याही कंपनीची.

वडगावचा_मागवाला
मग बाबांचं काय? तुमच्या बाबांना पत्रिका आली तर?

लेथवाला
हे मात्र तुमचं डोक्यात बसलंय. मास्तरीणबाईंचं पण बसलंय, आई माईकवरच बोलते. म्हणून असं करायलोय, मला सहा वर्षं अपडेटवाला अँड्रॉइड, दोन्ही सिम खरी, जीएसटीच्या बिलानं. बाबांना भावाचा जुना आयफोन, तो पडूनच हाय त्याच्याकडं, ११ हाय, अजून अपडेट येतायत. बाबांना एकच सिम, त्यांना टाईप करायचं न्हाई, फक्त फोन अन् भजनाचे व्हिडिओ. मेकॅनिक मी एकटा होतो, आता आयफोनचा मेकॅनिक भाऊ, काय अडलं की पुण्याला फोन लावायचा.

निपाणीवाला_वखार
आयफोनवाल्याला सुट्टी न्हाई आता. भारी जिरवली.

टिळकवाडी_सेकंड_गेट
वहिनींचे फोटो राहिले.

लेथवाला
ते अजून मिटलं न्हाई. दिवाळीला बघू म्हटलंय.

शहापूर_गल्ली
तुमचा जुना विकायचाय काय? बॅटरी बदलून पोरग्याला देईन म्हणतो.

लेथवाला
न्हाई ओ. सिम काढून सीएनसीजवळ ठेवणार, चार्जरला लावून, ड्रॉइंग बघायला. यूपीआय, बँक सगळं काढून टाकलंय त्यातनं.