सात सीटर डिझेल, १ लाख १८ हजार किमी, १ लाख ११ हजारांचं एस्टिमेट. काम करू का गाडी विकू?

सातारी_गाडी:
मंडळी नमस्कार, जरा लवकर सल्ला पाहिजे. घरची सात सीटर डिझेल आहे, २०१६ चं मॉडेल, मॅन्युअल गिअर. आई-वडील, आम्ही दोघं आणि दोन पोरं एकाच गाडीत मावतात म्हणून घेतली आणि आजवर तिने कधी रस्त्यात थांबवलं नाही. मागच्या रविवारी पुण्याहून येताना खंबाटकी चढायला लागलो आणि गाडी ओढेचना, तिसऱ्यात टाकली, दुसऱ्यात टाकली, पाय पूर्ण दाबला तरी भरलेले ट्रक आम्हाला मागे टाकून चाललेत, मागून काळा धूर आणि बॉनेटखालून सूंऽऽ असा आवाज. वडील हार्टचे पेशंट आहेत, त्यांनी पुढच्या सीटचं हँडल घट्ट धरलेलं बघून मला घाम फुटला. शिवाय पुढच्या चाकाकडून खडखड येते, यवतेश्वरचा घाट चढून कासकडे निघालं की जास्तच.

सर्व्हिस सेंटरला दाखवली. टर्बो ४२ हजार, क्लच सेट आणि फ्लायव्हील (क्लच ज्याला लागून बसतो ते इंजिनचं जड चाक) मिळून ३८ हजार, पुढच्या चाकांच्या सस्पेन्शनचे शॉकअप, लोअर आर्म, लिंक रॉड १९ हजार, मजुरी १२ हजार. गाडी लिफ्टवर घेतलीसुद्धा नाही, एक चक्कर मारून आले आणि कागद हातात दिला. एवढा पैसा घालावा का विकून मोकळं व्हावं?

कृष्णाकाठ_सांगली:
दादा, आधी विकायचं डोक्यातनं काढा आणि एक टेस्ट घरीच करा, रुपया लागत नाही. मोकळा सपाट रस्ता बघा, चौथ्या गिअरला चाळीसच्या आसपास गाडी ठेवा आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा सटकन वर पळाला आणि स्पीड तिथंच राहिला तर क्लच स्लिप मारतोय. काटा पण हळू आणि स्पीड पण हळू, दोन्ही रांगत चढले तर क्लचचा काय संबंध नाही, इंजिनला हवा कमी पडतीय. तुम्ही काळा धूर म्हणताय, म्हणजे डिझेल पडतंय पण जळायला हवा नाही. मला तर हे दुसरंच वाटतंय. क्लच आणि टर्बो दोन्ही एकाच रविवारी जातील हे पटत नाही ओ.

आणि एस्टिमेटवर टॅक्स किती लावलाय तेवढं बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवर जीएसटी १८ टक्के झालाय, आधी बहुतेक पार्टना २८ होता.

डिझेल_फिटर_मिरज:
वरच्या भाऊंनी बरोबर सांगितलंय. मी वीस वर्षं हेच काम करतोय, ‘पिकअप नाही, सूं आवाज, काळा धूर’ म्हणून आलेल्या गाडीत मी पहिल्यांदा टर्बोकडे बघतच नाही, इंटरकूलरचे, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचे होज बघतो. टर्बो हवा दाबून याच रबरी पायपांतनं इंजिनला पाठवतो, पाईप फाटला की हवा बाहेर आणि गाडी बैलगाडी. चीर बऱ्याचदा क्लिपच्या खाली असते, वरून दिसत नाही, क्लिप सोडून होज हातात घेऊन वाकवावा लागतो. जिथं तेलकट काळं ओलं दिसेल तिथंच बघा. होज गाडीप्रमाणं दीड ते साडेतीन हजारांत येतो.

टर्बो खरंच गेला असेल तर निळा धूर मारतो, इंजिन ऑइल खातो. गाडी थंड असताना एअर फिल्टरकडचा पाईप काढून शाफ्ट बोटानं हलवून बघायचा. किंचित आडवा हलला तर चालतंय, पण आत-बाहेर हलत असेल किंवा पंखा बॉडीला घासत असेल तर मात्र काम आलं. तेव्हा पण नवाच घ्या असं नाही, आतला कोर बदलून १५ हजारांच्या आसपास होतं, फक्त माणूस खात्रीचा पाहिजे. ईजीआरमध्ये, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये काजळी साचली तरी गाडी दबते, सोबत तेवढं साफ करून घ्या.

फ्लायव्हील गेलं असेल तर इंजिन बंद करताना खडाड् करून आवाज येतो, पहिल्या गिअरला गाडी उठताना थरथरते. तसलं काही नसेल तर ते ३८ हजार आत्ता ठेवा खिशात.

एक विचारायचं राहिलं. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा, कधी बदललाय?

माणदेशी_ड्रायव्हर:
विकून सेकंडहँड घ्यायचा विचार असेल तर आमच्या चुलत्यांचं ऐका. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, वरून चकाचक, चारच महिन्यांत वायरिंग एकेक करून जायला लागलं. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघा, वर स्वच्छ असतो पण आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटखालची पट्टी, स्टेपनीची जागा बघा. तुमची गाडी तुम्हाला माहितीय, हीच ठेवा.

सातारी_गाडी:
सगळ्यांचे मनापासून आभार. टेस्ट केली, काटा पळत नाही, दोन्ही रांगतात. मग ओळखीच्या गॅरेजमध्ये समोर उभं राहून होज सोडायला लावला. इंटरकूलरच्या खालच्या टोकाला, अगदी क्लिपच्या खाली, करंगळीएवढी चीर! मिस्त्रींनी वाकवला तेव्हा तोंड उघडल्यासारखी फाकली, आत सगळं काळं तेल. टर्बोचा शाफ्ट मी स्वतः हलवून बघितला, चांगला आहे.

खडखड लिंक रॉडची निघाली, एका बाजूला तर बॉल हातानेच फिरत होता, आणि लोअर आर्मचे रबरी बुश चिरलेले. शॉकअपमधनं तेल आलेलं नाही म्हणून ते ठेवले. होज २९००, लिंक रॉडची जोडी १८००, बुश २४००, मजुरी २२००, असे ९३०० झाले.

फिटरसाहेब, बेल्टचं तुम्ही विचारलंत म्हणून फाईल काढली. कधीच बदललेला नाही!! एवढं मोठं एस्टिमेट दिलं त्यात बेल्टचा शब्द नव्हता. दुसऱ्याच दिवशी बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप बदलून घेतला, ११५०० मजुरीसकट. जुन्या बेल्टच्या पाठीवर बारीक भेगा होत्या. काल वडिलांना घेऊन मेढ्यावरनं केळघर घाटाने महाबळेश्वरला जाऊन आलो, गाडी तिसऱ्यात आरामात चढली.

डिझेल_फिटर_मिरज:
वाचून बरं वाटलं. बेल्ट चालू इंजिनमध्ये तुटला असता तर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकून इंजिनचा वरचा भाग, पूर्ण हेड उतरवावं लागलं असतं. मॅन्युअलमध्ये बेल्टचे किमी आणि वर्षं दोन्ही दिलेले असतात, जे आधी भरेल ते धरायचं. तारीख आणि किमी मार्करने बेल्टच्या कव्हरवरच लिहून ठेवा, फाईल हरवते. नव्या होजची क्लिप हजार किमीनंतर एकदा आवळून घ्या. आणि घाट उतरताना ज्या गिअरला चढलात त्याच गिअरला उतरा, वडील सोबत असताना नुसत्या ब्रेकवर नको.