मदत हवी आहे: कुत्र्याच्या कातडीवरील स्टॅफिलोकॉकस; चकती म्हणते औषध लागू पडेल, जनुक म्हणते नाही

जाणकारांना नमस्कार. मी बेळगावात सूक्ष्मजीवशास्त्र विषयात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाळीव कुत्र्या-मांजरांच्या कातडीवर व कानांत आढळणारे रोगकारक जिवाणू आणि त्यांच्यातील प्रतिजैविक-रोधाची जनुके हा माझा प्रकल्प आहे. खानापूर आणि निपाणी भागातून घेतलेल्या स्वॅबमधून सहा कोअॅग्युलेज-पॉझिटिव्ह (रक्तद्रव गोठवणारे) स्टॅफिलोकॉकस जिवाणू मिळाले आणि ते सहाही मी वहीत सरळ ‘ऑरियस’ (स्टॅफिलोकॉकसची एक प्रजाती) म्हणून नोंदवून मोकळा झालो. अडचण चौथ्या नमुन्याची आहे.

हा नमुना आमच्या गावाकडच्या घरातील मुधोळ जातीच्या कुत्र्याचा आहे. पावसाळा लागला की त्याच्या पोटावर मसुरीएवढ्या पिवळ्या पुटकुळ्या उठतात, त्या फुटून कडेने पापुद्रा सुटलेली गोल चट्टी उरते आणि ती खाजवून तो रात्रभर पडवीत कुणाला झोपू देत नाही. यंदा सेफॅलेक्सिनच्या गोळ्या तीन आठवडे देऊनही फरक पडला नाही. केसपेपर कन्नडमध्ये असल्याने आधी दुसरे औषध दिले होते की काय, हे शेजाऱ्यांकडून वाचून घेऊन तपासले; तसे काही नव्हते.

प्रयोगशाळेत ३० मायक्रोग्रॅम सेफॉक्सिटिन हे प्रतिजैविक असलेल्या कागदी चकतीभोवतीचा झोन (जिवाणू न वाढलेली मोकळी जागा) २७ मिमी आला. ऑरियससाठी २२ मिमी किंवा त्याहून मोठा झोन म्हणजे मेथिसिलिनला (पेनिसिलिन गटातील औषध) संवेदनशील, म्हणजे त्या गटाची औषधे लागू पडतील, म्हणून मी तसे लिहिले. मात्र पीसीआरमध्ये (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून पाहण्याची चाचणी) याच जिवाणूत मेथिसिलिन-रोध देणाऱ्या मेकए जनुकाचा पट्टा स्वच्छ दिसला. निगेटिव्ह कंट्रोल (डीएनए न घातलेली तुलनेची नळी) कोरा होता आणि दुसऱ्यांदा नव्याने डीएनए काढूनही तेच झाले. शिवाय ऑरियस ओळखण्यासाठी वापरतात त्या न्यूक जनुकाचा पट्टा मात्र उमटलाच नाही. मार्गदर्शक मॅडमना सरमिसळीची शंका आहे. चकती खरी मानावी की जनुक? आणि मुळात हा ऑरियस आहे का?

प्रतिसाद:

तुमच्या पीसीआरमध्ये चूक दिसत नाही, चूक नावात आहे. कुत्र्याच्या कातडीवरील कोअॅग्युलेज-पॉझिटिव्ह स्टॅफिलोकॉकस हा बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस असतो. ही स्वतंत्र प्रजाती म्हणून २००५ मध्ये वर्णिली गेली. त्याआधी हेच जिवाणू इंटरमीडियस या नावाखाली नोंदवले जात. या प्रजातीत सेफॉक्सिटिन चकती मेकए भरवशाने पकडत नाही, त्यामुळे तुमचा २७ मिमीचा झोन ऑरियसच्या तक्त्यावरून वाचणेच गैर होते. १ मायक्रोग्रॅमची ऑक्सॅसिलिन चकती लावा; १७ मिमी किंवा त्याहून कमी झोन म्हणजे रोधक.

मेकए हे जनुक पीबीपी-२ए नावाचे प्रथिन घडवते. पेशीभिंत विणणाऱ्या नेहमीच्या प्रथिनांना पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन चिकटून त्यांचे काम थांबवतात, पण पीबीपी-२एला ती औषधे नीट चिकटत नाहीत, म्हणून भिंत विणणे चालूच राहते. हे जनुक एससीसीमेक नावाच्या फिरत्या तुकड्यावर बसून गुणसूत्रात शिरलेले असते. तेव्हा सेफॅलेक्सिन गेले, तसे अॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटही गेले समजा. ऑक्सॅसिलिनचा अहवाल पशुवैद्यांना दाखवल्याशिवाय पुढची गोळी सुरू करू नका. तोवर क्लोरहेक्सिडीनच्या शाम्पूबद्दल त्यांनाच विचारा.

नावाच्या खात्रीसाठी १६-एस (जिवाणू ओळखण्यासाठी नेहमी वापरतात ते जनुक) अनुक्रमावर विसंबू नका. स्यूडइंटरमीडियस, इंटरमीडियस आणि डेल्फिनी यांच्यात तो जवळजवळ सारखाच असतो. पीटीए जनुकाचा ३२० बेसजोड्यांचा तुकडा वाढवून तो एमबीओ-वन या डीएनए कापणाऱ्या विकराने कापा. स्यूडइंटरमीडियसमध्ये २१३ आणि १०७ असे दोन तुकडे पडतात, इंटरमीडियसमध्ये तुकडा कापला जात नाही, आणि ऑरियसमध्ये १६४ व १५६ असे जवळजवळ सारखे दोन होतात, जे साध्या जेलवर एकच जाड पट्टा वाटू शकतात. विकर मिळेपर्यंत व्हीपी (व्होजेस-प्रॉस्कॉअर) ही साधी रासायनिक चाचणी करा. ऑरियसमध्ये ती पॉझिटिव्ह येते, स्यूडइंटरमीडियसमध्ये सहसा निगेटिव्ह.

धागाकर्ता:

मनापासून आभार. ऑक्सॅसिलिनचा झोन ११ मिमी आला आणि व्हीपी निगेटिव्ह आहे. मॅडमनीही जेलचे छायाचित्र पुन्हा मागवून घेतले. विकर मागवले आहे. घरी आई कुत्र्याच्या जखमा उघड्या हातांनी पुसत असे, तिला आता हातमोजे आणि नंतर साबणाने हात धुण्यास सांगितले आहे, कारण हा जिवाणू माणसाकडेही क्वचित येतो असे वाचले. आता बाकीच्या पाच कुप्याही फ्रीझरमधून काढून नव्याने तपासाव्या लागतील. त्यांपैकी एक मांजराच्या कानातील आहे. मांजरांत खरा ऑरियस कुत्र्यांपेक्षा अधिक सापडतो का, आणि तसा तो निघाल्यास त्यासाठी सेफॉक्सिटिनच ठेवावे ना?