फिलाडेल्फियातल्या वर्गात ‘वुमन ऑफ कलर’, सांगलीत ‘आपल्यातली’: मी नेमके कुठून लिहावे?

निशिगंध_सांगली

नमस्कार. मी मूळची सांगलीची असून सध्या फिलाडेल्फियात सार्वजनिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. या सत्रात स्त्रीवाद आणि वंशभेद यांवरचा एक वर्ग निवडला आहे आणि त्यासाठी स्वतःच्या जडणघडणीविषयी दीर्घ टिपण लिहायचे आहे. येथे सगळे मला ‘वुमन ऑफ कलर’, म्हणजे गोरी नसलेली स्त्री, या गटात सहज धरतात. त्यात आपुलकी असते, पण टिपण लिहायला बसले की हात अडतो.

सांगलीत माझा स्त्रीवाद घरगुती होता: भावाइतकीच फी माझ्या शिक्षणावर खर्च व्हावी, संध्याकाळच्या शिकवणीहून एकटीने परत येता यावे, आणि रंगावरून बोलणी ऐकावी लागू नयेत. ‘जरा सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे’ हे वाक्य मी प्रत्येक लग्नघरात ऐकले आहे. माझ्या स्थळासाठीच्या माहितीपत्रकात काकांनी ‘रंग: गव्हाळ’ असे घातले, तेव्हा मी चिडून तो कागद फाडला होता. त्याच कागदावर त्याच्या वरच्या ओळीत जात, पोटजात आणि गोत्र होते. त्या ओळीवरून आमच्या घरात कधी वाद झाला नाही.

येथे एका कृष्णवर्णीय मैत्रिणीबरोबर दुकानातून बाहेर पडताना रखवालदाराने तिची पिशवी उघडायला लावली आणि मला हाताने ‘जा’ अशी खूण केली. वर्गात आम्ही दोघी एकाच संज्ञेत बसतो, दाराशी बसत नाही. पुढे तिने मला सरळ विचारले, ‘तुझ्या घरच्या स्वयंपाकघरात कोणाला येता येत नव्हते?’ मला उत्तर माहीत होते. रंगावरून सोसलेले आणि जातीमुळे मिळालेले हे दोन्ही एकाच टिपणात कसे मांडावे? की पहिल्यापुरतेच लिहावे, कारण विषय वंशभेदाचा आहे?

उंबरठा

वयाने बरीच मोठी आहे, म्हणून एकेरी लिहिते. मी अनेक वर्षे इतिहास शिकवला आहे आणि तुझ्या प्रश्नाला तुझ्याच शहरातून सुरुवात करता येईल असे मला वाटते.

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, हे आपल्याला शाळेपासून पाठ असते. तिथला १८८५चा तो छायाचित्रातला क्षणही आपण पाहिलेला असतो: नऊवारीतल्या आनंदीबाई, शेजारी जपानची केइ ओकामी आणि सीरियाची साबात इस्लांबूली, तिघीही आपापल्या देशाच्या वेशात. जे सहसा सांगितले जात नाही ते हे, की याच महाविद्यालयातून १८६७ साली रिबेका कोल आणि १८७८ साली कॅरोलिन स्टिल अँडरसन या कृष्णवर्णीय स्त्रिया डॉक्टर होऊन बाहेर पडल्या होत्या. कॅरोलिन त्याच शहरात जन्मलेल्या. त्यांचे वडील विल्यम स्टिल हे पळून आलेल्या गुलामांना आसरा देणाऱ्या चळवळीतले मोठे नाव. तरीही बोस्टनच्या एका रुग्णालयाने कॅरोलिन यांना शिकाऊ डॉक्टर म्हणून घ्यायला आधी वर्णामुळे नकार दिला आणि नंतर निर्णय फिरवला. ते रुग्णालय स्त्रियांनीच, स्त्रियांसाठी चालवलेले होते, हे लक्षात घे. दुरून आलेल्या पाहुणीचे कौतुक करणे आणि घरच्या अंगणातल्या बाईला बरोबरीने वागवणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुझ्या दुकानाच्या दाराशी मला तेच दिसते.

आता दुसरी बाजू. आनंदीबाईंचा प्रबंध प्रसूतिशास्त्रावर होता. त्यांचे स्वतःचे बाळ दहा दिवसांत गेले होते, म्हणून विषयाची निवड मनाला भिडते. पण शीर्षकात स्त्रिया कोणत्या, तर ‘आर्य हिंदू’. त्याच्या एकतीस वर्षे आधी, १८५५ साली, पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या किशोरवयीन मुलीने ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात निबंध लिहिला. त्यात बाळंतिणीचे दुःख आहेच, पण ते कोणत्या बाळंतिणीचे? जिच्या घरावर छप्पर नाही आणि जी पावसावाऱ्यात, थंडीत बाळंत होते तिचे. आनंदीबाईंना मी कमी लेखत नाही. एकविसाव्या वर्षी, क्षयाने खचलेल्या देहानिशी त्यांनी जे केले ते अचाटच होते. परंतु सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या मराठी मुलीने हे दोन मजकूर शेजारी ठेवून वाचावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

वैनगंगा

उंबरठाताईंनी मुक्ताचे नाव घेतले हे बरे झाले, पण मला निशिगंध यांच्या प्रश्नातल्या ‘की’ या पर्यायाविषयी बोलायचे आहे. मी नागपूरची, बौद्ध कुटुंबातली. तुम्ही फक्त रंगाविषयी लिहिलेत तर ते खोटे ठरणार नाही. सावळ्या मुलीची होणारी अवहेलना खरी असते आणि ती आमच्याही घरांत होते. मात्र तेवढ्यावर थांबलात तर वाचणाऱ्या कृष्णवर्णीय मुलीचा समज असा होईल की भारतात तुमची जागा तिच्या जागेसारखी होती.

वंश आणि जात यांची तुलना काही या वर्गात सुरू झालेली नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली, कारण अस्पृश्यांनीही तसे करावे असा विचार त्यांच्या मनात होता. या तुलना सोसणाऱ्यांनी सोसणाऱ्यांकडे पाहून केल्या होत्या. तुम्ही करणार ती तुलना दुसऱ्या टोकावरून असेल, आणि त्यात काही गैर नाही. फक्त टोक कोणते ते पहिल्या परिच्छेदातच कळले पाहिजे.

आणखी एक. दलित स्त्री म्हटले की दुःखाचाच दाखला द्यायचा, ही सवय मला खटकते. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि हजारो बाया आल्या होत्या. त्यांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाला बंदी मागितली आणि गिरण्यांत व विड्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या बायांसाठी रजा मागितली. आमच्या आज्या त्या मांडवात बसल्या होत्या. त्याला आम्ही स्त्रीवाद म्हणतो, आणि तो आम्हांला कोणी शिकवायला आले नव्हते.

एडिसनकर

तीसेक वर्षे न्यू जर्सीत आहे, म्हणून एक सावधगिरीची सूचना. तुलना करताना फरक पुसू नका. येथे पोलीस गाडी थांबवतो ती चेहरा पाहून; जात मात्र आडनावावरून, गावावरून, ‘तुम्ही नेमके कुठले?’ या प्रश्नावरून काढली जाते, आणि ती काढणारे आपलेच लोक असतात. म्हणूनच सिअ‍ॅटलने फेब्रुवारी २०२३मध्ये जातीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी घातली, तेव्हा आमच्या ओळखीतल्या पुष्कळांना ‘इथे जात आहेच कुठे?’ असा प्रश्न पडला. तो कोणाला पडतो आणि कोणाला पडत नाही, एवढे पाहिले तरी पुरे.

तुमच्या त्या फाटलेल्या कागदावरून भगतसिंग थिंड यांचा खटला आठवला. हे पंजाबी गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. ‘गोरा’ म्हणून मिळणारे नागरिकत्व आपल्यालाही मिळावे, हा त्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यांच्या बाजूचा एक युक्तिवाद असा होता की उच्चवर्णीय हिंदू हा विवाहाच्या बाबतीत भारतातल्या मूळ रहिवाशांकडे, अमेरिकन गोरा कृष्णवर्णीयांकडे पाहतो तसाच पाहतो. म्हणजे आम्हीही तुमच्यासारखेच तुच्छ लेखतो, सबब आम्हांला आत घ्या. न्यायालयाने १९२३ साली एकमताने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. वंशाचे आणि जातीचे अशी दोन्ही दारे एकाच माणसासमोर कशी असतात, याचे इतके लख्ख उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

निशिगंध_सांगली

सर्वांचे आभार. माहितीपत्रकातल्या त्या दोन ओळी, ‘जात’ आणि ‘रंग’, हाच टिपणाचा आरंभ करावा असे ठरवते आहे. थिंड यांचा युक्तिवाद त्यांच्या लगेच खाली येईल. वैनगंगा, तुमचे म्हणणे पटले, म्हणून १९४२ची परिषद दुःखाच्या भागात न ठेवता मागण्यांच्या भागात घेते, आणि प्रसूतीवरचा भाग मुक्तापासून सुरू करते. प्राध्यापकांना मूळ मजकूर दाखवावा लागेल. तो निबंध कोणत्या अंकात आहे?

वैनगंगा

‘ज्ञानोदय’च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५च्या, अशा दोन अंकांत तो छापलेला आहे. इंग्रजी भाषांतरही मिळते, पण आधी मराठी वाचा, मोठ्याने वाचा. आणि मैत्रिणीला तिच्या प्रश्नाचे उत्तर टिपण देण्याआधी तोंडी द्या. तिने ते तुम्हांला विचारले होते, प्राध्यापकांनी नव्हे.